माळशेजच्या अलीकडे आणि पलीकडे

बंद खोलीत, विजेच्या दिव्याखाली गांजाचे झाड वाढविणाऱ्या परदेशस्थ शौकिनास कोणता ऋतू अनुकूल असा प्रश्न पडतो, हे ऐकून मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्यास हसू येईल. कारण ज्या मुलखात मृगापासून हस्तापर्यंत भातखाचरांत पाणी तुंबून राहते, तेथे निचऱ्याची जमीन मागणाऱ्या त्या झाडाचा निभाव लागणे कठीण. मुंबई इलाख्यात त्याची परवान्याची शेती चाले ती माळशेज घाटापलीकडे, प्रामुख्याने अहमदनगर जिल्ह्यात. पावसाळ्यात पेरणी, मग नर ओळखून उपटावयाचे, नाहीतर माद्यांना बी धरून माल हलका होई, आणि थंडीत तुरे कापून ते पायांखाली तुडवून चपटे करावयाचे. फुलोऱ्याचा संबंध दिनमानाशी असतो, हे गार्नर व ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडले. बंद खोलीत रोज बारा तास दिवे विझवतात, ती नगरच्या त्या लांबत्या रात्रीचीच नक्कल होय. ठराविक रान, ठराविक हंगाम, त्यामुळे अंमलदारास पीक डोळ्यांखाली ठेवणे सोपे. १८९३ साली गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने ११९३ साक्षी नोंदवून सरसकट बंदी नाकारली आणि परवाना व कर यांचाच पुरस्कार केला.

घाटाच्या अलीकडे, माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी, नशेचा हंगाम होता मोहाचा, आणि तो कोणाच्या ताब्यात येण्याजोगा नव्हता. चैताच्या तोंडी झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवावा, रात्रभर पांढरट, रसाळ फुले टपटप गळावीत, आणि उजाडण्याच्या आत ठाकूर-कातकऱ्यांच्या बायकापोरांनी टोपल्या भराव्यात. वाळविलेली फुले पोटालाही लागत, भट्टीलाही. शेताला परवाना देता येतो, रानातल्या झाडाला कसा द्यावा? तेव्हा १८७८ च्या आबकारी कायद्याने भागेना म्हणून सरकारने १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा करून ठाणे-कुलाब्यात फूल बाळगणेच परवान्याखाली आणले. आणि त्याच सुमारास उरणच्या भट्ट्यांत पंचमहालातून आणलेल्या त्याच फुलांची दारू सरकारदरबारी कर भरून राजरोस गाळली जात होती! महसुलाचे असे सोवळे-ओवळे पाहिले म्हणजे नीतिरक्षणाच्या सरकारी गप्पांचे फारसे ओझे वाटत नाही.

पुढे १९४९ ची दारूबंदी आली, १९८५ च्या कायद्याने गांजाही निषिद्ध ठरला. मोहाच्या फुलांवरील निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठविले.