अपंगत्वाची भरपाई आणि नोकरीचे पेन्शन : एकातून दुसरे वजा होते का?

औद्योगिक सुरक्षा शिकवताना दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. कामावर अपघात झाला, अपंगत्वाचे पैसे सुरू झाले आणि त्याच नोकरीचे पेन्शनही चालू झाले, तर एक रक्कम दुसरीतून कापतात का? आमच्या कुंभकोणम भागातल्या मुलांना हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. जवळच नाचियारकोविल आहे. कावेरीकाठच्या मातीत साचे करून पितळेच्या समया ओतणारे हे गाव. वितळलेल्या धातूचा शिंतोडा, पॉलिशच्या चाकात सापडलेले बोट, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. उत्तर मात्र आजच्या नियमांपेक्षा त्यांच्या इतिहासात नीट सापडते.

सुरुवात 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून करू. तो 1 जुलै 1924 ला अमलात आला. त्याआधी जखमी कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे. आता कामामुळे आणि काम चालू असताना इजा झाली एवढे दाखवणे साधारणपणे पुरेसे झाले. कायमच्या अपंगत्वासाठी एकरकमी पैसे मिळत. कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली, याचे कोष्टक कायद्याला जोडलेले आहे. आजच्या कोष्टकात अंगठा गेला तर 30 टक्के.

याच कायद्यातली वेतनाची व्याख्या विद्यार्थी सहसा वाचत नाहीत, पण आपल्या प्रश्नाचा एक धागा तिथेच आहे. मालक पेन्शन किंवा भविष्य निर्वाह निधीत जी वर्गणी भरतो, ती वेतनात धरलेली नाही. भरपाई वेतनावर मोजायची, म्हणजे मालकाच्या वर्गणीमुळे भरपाई एका पैशानेही वाढत नाही. मग मोजताना पेन्शन बाहेर ठेवायचे आणि देताना मात्र कापून घ्यायचे, हे कोणत्या न्यायात बसेल? अर्थात त्या काळी गिरणीकामगाराला पेन्शन हा शब्द परकाच होता, त्यामुळे प्रश्न फारसा कुणाला पडला नाही.

एकरकमी पैशाचा दोष उघड होता. रक्कम संपे, अपंगत्व उरे. 1943 मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम आले आणि 1944 मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, उभा राहिला. 1952 मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आता कायमच्या अपंगत्वाचा लाभ आयुष्यभर मिळू लागला. सध्याच्या दराने हिशेब करून पाहा. सरासरी रोजची मजुरी 600 रुपये असेल तर पूर्ण दर तिच्या 90 टक्के, म्हणजे 540. अंगठा गेला तर त्याचे 30 टक्के, म्हणजे रोज 162 रुपये. हा माणूस पुन्हा कामाला लागला तरी हे पैसे थांबत नाहीत.

याच कायद्याचे कलम 61 म्हणते की ईएसआयचा लाभ घेणाऱ्याला दुसऱ्या कायद्याखालचा ‘तशाच स्वरूपाचा’ लाभ मिळणार नाही. कलम 53 तर मालकाकडून 1923 च्या कायद्याची भरपाई घेण्याची वाटच बंद करते. एकाच इजेसाठी दोनदा भरपाई नको, एवढा त्याचा अर्थ. पण पेन्शन ‘तशाच स्वरूपाचे’ आहे का?

1971 ची योजना केवळ कुटुंब निवृत्तिवेतनाची होती. 16 नोव्हेंबर 1995 पासूनच्या कर्मचारी पेन्शन योजनेत जिवंत सदस्यालाही पेन्शन आले. मालकाच्या वर्गणीतले वेतनाच्या 8.33 टक्के तिच्यात जातात. कायमचे आणि संपूर्ण अपंगत्व आले तर दहा वर्षांच्या सेवेची अट सुटते, एका महिन्याची वर्गणी पुरते. आणि हे अपंगत्व कारखान्यात आले की घराच्या जिन्यावरून पडून आले, हे ती योजना विचारत नाही. ईएसआयचा अपंगत्व लाभ नेमके तेच विचारतो. एक पैसा इजेचा, दुसरा सेवेचा आणि वर्गणीचा. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी चालतात.

हाच भेद न्यायालयांनी वेगळ्या वाटेने गाठला. इंग्लंडमध्ये वाहनाने धडक दिल्याने एका पोलिसाची नोकरी गेली, त्याला पोलीस खात्याचे पेन्शन लागू झाले. ते भरपाईतून वजा करावे का? ‘पॅरी विरुद्ध क्लीव्हर’ या खटल्यात 1969 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की बुडालेल्या पगारातून ते वजा होणार नाही. निवृत्तीच्या वयानंतरच्या पेन्शनचे जे नुकसान, त्याच्याशी मात्र त्याचा मेळ घालायचा. पगारासमोर पगार, पेन्शनसमोर पेन्शन. मला हा हिशेब अभियंत्याला शोभेल असा वाटतो. दोन्ही बाजूंची एकके जुळली पाहिजेत.

आपल्याकडे 1982 च्या नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे असे ठरवले. 1998 मध्ये ‘हेलन रेबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ या खटल्यात, मोटार अपघातातल्या मृत्यूच्या भरपाईतून आयुर्विमा, भविष्य निधी, कुटुंब निवृत्तिवेतन कापता येत नाही असा निर्णय आला. मृत्यू कसाही झाला असता तरी हे पैसे मिळालेच असते. खटला मृत्यूचा होता, अपंगत्वाचा नव्हे, हे उत्तरपत्रिकेत लिहायला विसरू नका.

हे सगळे हक्काच्या पैशाबद्दल झाले. सरकारी मदतीचा हिशेब उलटा आहे. 2009 ची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालच्या आणि 80 टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी आहे. जिथे पात्रता गरिबीवर ठरते, तिथे घरात येणारे पेन्शन हे उत्पन्नच. ते कोणी वजा करत नाही, पण त्यामुळे दारच बंद होऊ शकते.

नाचियारकोविलच्या चार-पाच माणसांच्या ओतशाळेत तर आपला मूळ प्रश्न उभाच राहत नाही. ईएसआयला साधारणपणे 10 कामगार लागतात, भविष्य निधीला 20. तिथे अंगठा गेला तर वजा करायला पेन्शन नाही आणि ज्यातून वजा करायचे तो लाभही नाही. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या असल्या तरी 30 टक्क्यांचा अंगठा 80 टक्क्यांच्या अटीजवळही जात नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुने कायदे एकत्र केले आणि असंघटित कामगारांसाठी वेगळे प्रकरण घातले. ते प्रकरण पुढच्या तासाला घेऊ. येताना आपल्या गल्लीतल्या एका कारखान्यात किती माणसे काम करतात ते मोजून या.