तिळगूळ आणि खाद्य ॲलर्जी

मकरसंक्रांतीला रायगड जिल्ह्यातील पेण व रोह्यासह महाराष्ट्रभर मुले घरोघरी जाऊन तिळगूळ देतात-घेतात. तिळगुळातील तीळ आणि शेंगदाणे हे दोन्ही प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ आहेत. भाजल्याने त्यांचा हा गुण नाहीसा होत नाही. लाडवातील दाणे वेचून काढणेही निरुपयोगी ठरते, कारण कूट सर्वत्र मिसळलेले असते. तिळगूळ नाकारणे म्हणजे स्नेह नाकारणे, अशी समजूत असल्याने मुलाला ‘नको’ म्हणणे अवघड जाते.

बोरन्हाणात जोखीम अधिक असते. बालकाला हलव्याचे दागिने घालून त्याच्यावर बोरे, चुरमुरे व हलवा ओततात आणि सांडलेला खाऊ इतर मुले वेचतात. काटेरी हलव्याच्या पोटात बहुधा तीळच असतो.

वेष्टनावर ॲलर्जीकारक घटक जाहीर करण्याविषयीच्या भारतातील २०२० च्या नियमांच्या यादीत शेंगदाणे आहेत, तीळ नाहीत. घरगुती लाडवांना तर वेष्टनच नसते.

अमेरिकेत हॅलोविनला मुले अशीच घरोघरी खाऊ मागतात. तेथे २०१४ पासून ‘टील पम्पकिन प्रोजेक्ट’ ही मोहीम देशभर राबवली जाते. दारात निळसर हिरवा भोपळा असलेल्या घरी खाऊऐवजी लहानसहान वस्तूही मिळतात. संक्रांतीला वस्तू देणे परके नाही, हळदीकुंकवाचे वाण हे त्याचेच उदाहरण. ॲलर्जी असलेल्या मुलासाठी पेन्सिली, किंवा त्याला चालत असल्यास बोरे व उसाचे करवे, तिळगुळाचा हात न लागलेल्या स्वतंत्र डब्यात ठेवता येतात.

खाल्ल्यानंतर श्वास लागणे, घसा आवळणे वा शुद्ध हरपणे ही तीव्र प्रतिक्रियेची लक्षणे होत. अशा वेळी मांडीच्या बाहेरील स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा पहिला उपचार असून केवळ ॲलर्जीच्या गोळीवर विसंबणे धोक्याचे असते.