गवळणीतली मावशी

तमाशात गण संपला की ढोलकीचा ठेका बदलतो आणि डोक्यावरचा पदर सावरत मावशी पुढे येते. मावशी म्हणजे नऊवारी नेसलेला पुरुष. गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, वाटेत कृष्ण आडवा येऊन दान मागतोय, त्याच्यामागे त्याचा सवंगडी पेंद्या. पण फड वेल्ह्याच्या जत्रेत लागला, तर यमुनेची गुंजवणी व्हायला वेळ लागत नाही. मावशी सरपंचाची फिरकी घेते, न आलेल्या एसटीचं गाऱ्हाणं मांडते आणि द्वापरातली वाट थेट भोरच्या बाजाराला येऊन मिळते.

या खोडीचा माग पैठणला पोचतो. एकनाथांच्या (१५३३–१५९९) गौळणींत कृष्ण शेजारणीच्या घरचा व्रात्य पोर होतो. तमाशाने ती गौळण उचलली, तिच्यात बतावणी घातली.

जपानात अशा रूपांतराला मिताते म्हणतात. थोरामोठ्यांना रोजच्या जगण्यात आणून बसवायचं. इतो जाकुचू (१७१६–१८००) हा क्योटोच्या निशिकी बाजारातल्या भाजीच्या ठोक व्यापाऱ्याचा मुलगा. भिंतीवर टांगायच्या, पुरुषभर उंचीच्या एका चित्रात त्याने बुद्धाचं महापरिनिर्वाण काढलं. पालथ्या टोपलीवर एक मुळा आडवा पडलाय, भोवती वांगी, भोपळे, अळंबी शोक करताहेत. शालवृक्षांच्या जागी मक्याची ताटं उभी. बघताना हसू येतं, पण त्या मुळ्याचं आडवं पडणं मनात राहतं. मळ्यातल्या भाजीत विठाई पाहणाऱ्या सावता माळ्याच्या मुलखाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. सोंग जवळच्याचंच घेतात. ज्याच्याशी नातं नाही, त्याची थट्टा गावाला रुचत नाही.

गवळणीनंतर वग. पहिला वग म्हणून उमाजी सावळजकरांच्या १८६५च्या ‘मोहना-बटाव’चं नाव घेतात. शंभर वर्षांनी वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने वगातला राजा शहरी रंगमंचावर आणला. मग १६ डिसेंबर १९७२ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचा ‘घाशीराम कोतवाल’ उभा राहिला आणि साक्षात नाना फडणवीस नाचू लागले. इथे थट्टेला धार आली, वादही पेटला. माझ्या मते ती धार गवळणीतूनच आली होती.

शिवाजीमहाराजांचं मात्र वेगळं. राजगडाच्या पायथ्याला कृष्णाची चेष्टा चालते, महाराजांची नाही. २०१२च्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकाने ही मर्यादा ओळखली. त्यात फजिती होते ती यमाची; हातात महाराजांचा जिरेटोप घेऊन तो टोप बसेल असं डोकं शोधत फिरतो.

जत्रेत हल्ली बरेच जण लावणी सुरू झाल्यावरच मांडवात शिरतात. यंदा फड आला तर गणाला हजर राहा आणि मावशी आत जाईपर्यंत उठू नका.