खर्डा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय भागात, जामखेड तालुक्यात असलेले खर्डा हे जुने बाजारगाव असून 1795 च्या मराठे-निजाम लढाईमुळे ते इतिहासात प्रसिद्ध आहे. जामखेडच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरांवर वसलेल्या या गावापासून बीड आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांच्या हद्दी जवळ आहेत. गावाची भरभराट आणि नंतरची पीछेहाट या दोहोंच्या मुळाशी हेच सीमेवरचे स्थान आहे.

गोदावरी आणि भीमा या नद्यांची खोरी वेगळी करणाऱ्या बालाघाट डोंगररांगेच्या दक्षिण कडेला खर्डा येते. माथ्यावरच्या पठारावर उगम पावणारी मांजरा पूर्वेकडे जाऊन अखेर गोदावरीस मिळते, तर खर्ड्याकडच्या उतारावरचे पाणी सीनेच्या वाटेने भीमेत जाते. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाच्या छायेत हा सारा टापू येत असल्याने पाऊस बेभरवशाचा असतो, डोंगरउतारावरची जमीन हलकी व मुरमाड आहे आणि ज्वारी-बाजरीसारखी कोरडवाहू पिके, म्हणजे केवळ पावसावर येणारी पिके, हाच शेतीचा जुना आधार राहिला आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांच्या मुलखात जाण्याची या परिसरातील रीत याच कोरडेपणातून आली आहे.

अठराव्या शतकात खर्डा निजामाच्या पदरी असलेल्या निंबाळकर घराण्याकडे होते. या घराण्यातील सुलतानजी निंबाळकर यांनी त्या शतकाच्या पाचव्या दशकात गावाच्या आग्नेयेस घडीव दगडांचा चौकोनी भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला, बांधला. त्याचा तट पंचवीस-तीस फूट उंच व भक्कम असून भोवती खंदक होता. गावाच्या मध्यभागी निंबाळकरांचा वाडा होता.

मार्च 1795 मध्ये निजाम अलीखान बीदरहून मांजरेच्या काठाने येऊन मोहरीच्या घाटाने खाली उतरला आणि खर्ड्याकडून परांड्याच्या दिशेने निघाला. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखाली पेशवे, शिंदे, होळकर व नागपूरकर भोसले यांच्या फौजा त्याच्यासमोर उभ्या होत्या. 11 मार्चच्या लढाईत निजामाच्या बाजूने फ्रेंच सेनानी रेमाँ याची कवायती पलटण चांगली लढली. मात्र रात्री निजामाने माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि डोंगरांनी वेढलेल्या या जागी पाण्यावाचून व रसदेवाचून त्याची कोंडी झाली. आपल्याच सरदाराने बांधलेल्या किल्ल्यात अडकलेल्या निजामाला थोड्याच दिवसांत तह करावा लागला. त्यात दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख व तीन कोटी रुपये देण्याचे आणि दिवाण मुशीर-उल्-मुल्क याला मराठ्यांच्या स्वाधीन करण्याचे ठरले. सर्व मोठे मराठे सरदार एकत्र लढल्याची ही अखेरची लढाई मानली जाते. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशव्यांचा मृत्यू झाला आणि या विजयाचे फळ फार काळ टिकले नाही.

लढाईच्या तुलनेने दुर्लक्षित राहिलेला एकोणिसाव्या शतकातील व्यापार हा गावाच्या वाढीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. जामखेड तालुका इंग्रजी अमलात असला तरी त्याची गावे निजामी मुलखात तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली होती, त्यामुळे दोन राज्यांच्या सांध्यावर असलेल्या खर्ड्याच्या पेठेत घाटमाथ्यावरचे धान्य व देशी कापड येई आणि तेथून पश्चिमेस पुण्याकडे रवाना होई. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत, म्हणजे जिल्ह्यांच्या सरकारी माहितीग्रंथांत, येथे पाचशेहून अधिक व्यापारी, दुकानदार व सावकार असल्याची आणि मंगळवारी मोठा गुरांचा बाजार भरत असल्याची नोंद आहे. 1901 च्या जनगणनेत लोकसंख्या 5,930 होती.

पुढे मात्र दळणवळणाने दिशा बदलली. 1878 मध्ये सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग अहमदनगरवरून गेला, 1897 पासून बार्शी लाइट रेल्वेमुळे दक्षिणेकडील बार्शीची बाजारपेठ बळावली आणि खर्डा या दोन्हींपासून दूर राहिले; जामखेड तालुक्यात आजही रेल्वे नाही. निजामाचे हैदराबाद संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर राज्यसीमाही उरली नाही. तालुक्याची कचेरी जामखेडला असल्यामुळे शासकीय कारभाराबरोबर येणारी वाढ त्या गावाच्या वाट्याला आली, आणि खर्डा आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव म्हणून टिकून राहिले. निंबाळकरांचा वाडा भग्नावस्थेत असला तरी किल्ल्याचा तट बऱ्याच अंशी शाबूत आहे. 2021 मध्ये किल्ल्याजवळ 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारण्यात आला.