शंभराव्या सामन्याचा सत्कार अन् छेत्रीची हाक

देशासाठी खेळलेल्या प्रत्येक अधिकृत फुटबॉल सामन्याला ‘कॅप’ म्हणतात. शंभर कॅप झाल्या की खेळाडूचा मैदानातच सत्कार करण्याची पद्धत आहे. भारतात हा टप्पा आधी बायचुंग भुतियाने गाठला, मग सुनील छेत्रीने.

१ जून २०१८ ला मुंबईत अंधेरीच्या मैदानावर छेत्रीने तैवानविरुद्ध तीन गोल ठोकले, पण बघायला माणसं जेमतेम अडीच हजार! शेवटी कर्णधारानेच व्हिडिओ काढून हात जोडले, शिव्या द्या पण मैदानात या. ४ जूनला, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात मैदान भरलं. भुतिया आणि आय. एम. विजयन यांच्या हस्ते सत्कार झाला. छेत्रीने दोन गोल केले आणि भारताने केनियाला ३-० ने हरवलं.

दीडशेव्या सामन्यातही, २६ मार्च २०२४ ला गुवाहाटीत, त्याने गोल केला. सामना मात्र अफगाणिस्तानने जिंकला.