दिसणारी, पण न सापडणारी पाने

1990च्या दशकाच्या अखेरीस भारतीय भाषांतली दैनिके वेबवर येऊ लागली, तेव्हा त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता: मजकूर वाचकाच्या पडद्यावर नीट दिसेल कसा? हैदराबादच्या ‘ईनाडू’चे संकेतस्थळ त्याच्या स्वतःच्या तेलुगू फॉन्टवर चाले. मराठीत श्री-लिपी, शिवाजी, किरण, शुषा यांची चलती होती. वाचक आधी फॉन्ट उतरवून घेई, मग बातमी वाची. शोधयंत्राचा विचार कोणाच्या गावीही नव्हता.

हे फॉन्ट म्हणजे एक क्लृप्ती होती. फाइलमध्ये साठवलेली असत रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी किंवा तेलुगू आकृत्या उमटवी. फॉन्ट नसला की ‘मराठी’सारख्या साध्या शब्दाचीही निरर्थक चिन्हांची खिचडी दिसे. शोधयंत्र वाचते ते फाइलमधले संकेत, पडद्यावरच्या आकृत्या नव्हेत. शिवाय प्रत्येक फॉन्टचा संकेत वेगळा आणि क्रम डोळ्याला दिसेल तसा: ‘हित’ लिहिताना आधी वेलांटी, मग ह, ‘सर्व’मधला रफार व-नंतर. एकच शब्द पाच संकेतस्थळांवर पाच प्रकारे साठवलेला असे आणि त्यातला एकही शोधात हाती लागत नसे.

प्रमाण संकेत नव्हता असे नाही. भारतीय मानक ब्युरोने इस्की हा संकेत 1991मध्ये स्वीकारला होता आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरी आणि तेलुगू या दोन्ही लिप्यांना प्रत्येकी 128 स्थाने होती. पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय झाली ती विंडोज 2000मध्ये आणि तेलुगूची त्यानंतरच्या एक्सपीमध्ये. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत तर छपाईसाठी जुळवलेला मजकूरच वेबवर चढवला जाई. चालू असलेली व्यवस्था मोडायची कोणी आणि कशासाठी?

या कोंडीवर हैदराबादेतच एक उपाय निघाला. गच्चीबावलीला 1998मध्ये सुरू झालेल्या ट्रिपल आयटी या संस्थेत भाषा-तंत्रज्ञानाचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या प्रसाद पिंगळी, जगदीश जगरलामुडी आणि वासुदेव वर्मा यांनी 2006मध्ये ‘वेबखोज’ या शोधयंत्रावरचा निबंध एडिंबरोच्या जागतिक वेब परिषदेत मांडला. भारतीय भाषांतला वेबवरचा 95 टक्क्यांहून अधिक मजकूर निरनिराळ्या संकेतांमुळे शोधता येत नाही, असे त्यात म्हटले होते. वेबखोज आधी भारतीय भाषांतली पाने हुडकून गोळा करी, पानाचा संकेत ओळखी, मजकूर एका सामायिक संकेतात आणी आणि मगच त्याची सूची बांधी. लेखकाने यंत्रासाठी न केलेले काम यंत्रानेच करायचे, असा हा उलटा मार्ग होता. त्या काळात तोच व्यवहार्य होता. वाचकासाठी असेच काम ‘पद्मा’ हे फायरफॉक्सचे जोडसाधन करी. जुन्या फॉन्टमधले पान ते वाचकाच्याच संगणकावर युनिकोडमध्ये बदलून दाखवी.

युनिकोड रुळल्यावर मराठीच्या अडचणी संपल्या नाहीत, फक्त बारीक झाल्या. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ-ला हलंत देऊन, किंवा साध्या र-नंतर हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले ते 2008मध्ये, तोवर अ-वर चंद्र चढवून काम भागवत. विभक्तीचा गुंता त्याहून मोठा. ‘हैदराबादला’, ‘हैदराबादेत’, ‘हैदराबादच्या’ ही एकाच गावाची रूपे आहेत आणि ‘रस्त्यावर’ हा शब्द ‘रस्ता’चाच आहे, हे यंत्राला शिकवावे लागते. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली ट्रिपल आयटीसह अनेक संस्थांनी उभारलेल्या ‘संधान’ या शोधयंत्रात मराठी आणि तेलुगू दोन्ही होत्या. त्याचा विषय पर्यटनापुरता होता.

यंत्राला मजकूर वाचता येऊ लागला, तशी त्याच्यासाठी लिहिण्याची हावही आली. इंग्रजी वेबवर शब्दांची भरताड करून पान वर आणण्याचा धंदा आधीच जोरात होता. पानाच्या मागे दडवलेल्या शब्दसूचीला क्रमवारीत काहीच किंमत नाही, असे गूगलने सप्टेंबर 2009मध्ये जाहीर केले आणि 2011च्या ‘पांडा’ बदलाने पोकळ पाने खाली ढकलली. मराठीत मात्र याहून साधी पथ्ये अधिक उपयोगी आहेत: मथळ्यात गावाचे आणि माणसाचे नाव पूर्ण व सरळ रूपात देणे, एकच लेखन पाळणे, मजकूर चित्रात न कोंबणे. ती वाचकाच्याही सोयीची आहेत.

मार्च 2019मध्ये हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून ‘ईनाडू’च्याच समूहाचे ‘ईटीव्ही भारत’ हे वृत्त-संकेतस्थळ तेरा भाषांत सुरू झाले, त्यात मराठीही आहे. तिथला मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये आहे. फॉन्टच्या काळातली जी पाने कोणी बदलून घेतली नाहीत, ती मात्र आजही नेहमीच्या शोधात सापडत नाहीत.