मर्क्युरी, फ्रेडी

(५ सप्टेंबर १९४६ – २४ नोव्हेंबर १९९१). ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा प्रमुख गायक, पियानोवादक व गीतकार. मूळ नाव फारुख बलसारा. जन्म झांझिबारमध्ये, गुजराती पारशी कुटुंबात.

जगाला फारसे ठाऊक नसलेले त्याचे जडणघडणीचे पर्व साताऱ्याच्या मातीतले आहे. बालवयातच त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवण्यात आले. तेथेच तो पियानो शिकला, ‘फ्रेडी’ झाला आणि १९५८ च्या सुमारास त्याने शाळासोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. पुढे आवाजासाठी गाजलेला हा मुलगा त्यात मुख्यतः पियानो वाजवी. गाणे दुसऱ्याकडे होते. 

झांझिबारमधील क्रांतीमुळे १९६४ मध्ये कुटुंब त्याच्यासह इंग्लंडला गेले. ईलिंग येथे ग्राफिक कला शिकलेल्या फ्रेडीने क्वीनचे (स्थापना १९७०) बोधचिन्ह स्वतः रेखाटले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) ही त्याची सुमारे सहा मिनिटांची रचना. ध्रुवपद नाही, मध्येच ऑपेरा, मग कडाडणारा रॉक. तरी ती ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिली. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीतील ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी मैफलीत मायक्रोफोनच्या दांड्याचा केवळ वरचा तुकडा हाती घेऊन त्याने अवघे मैदान आपल्या आलापांमागे गायला लावले.

एड्स झाल्याचे त्याने मृत्यूच्या आदल्या दिवशी जाहीर केले. लंडनमध्ये त्याचे अंत्यसंस्कार झरतुश्ती विधीने झाले.